हळदीच्या दोऱ्याची गाठ

असे अनुभव वाचताना मी नेहमी सांगणाऱ्यावरच संशय घेते. काहीतरी लपवतोय, किंवा वाढवून सांगतोय... त्यामुळे माझ्यावरही घ्या, हरकत नाही. नाव मात्र देणार नाही.

मागच्या वर्षी काकूला — माझ्या थोरल्या काकांची बायको, मंद्रूपला असते — गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. तो गर्भाशयातच आहे की बाहेर पसरलाय, हे कळल्याशिवाय ऑपरेशनचं ठरणार नव्हतं. म्हणून सोलापुरात एमआरआय. भर दुपारी, एका सेंटरच्या तळमजल्यावर. काका घाबरून गेटपाशीच बसले, म्हणून सोबत मी.

अंगावर धातू चालत नाही. बांगड्या, जोडवी निघाली. मंगळसूत्राला काकू हात लावू देईना.

"मावशी, मशीन म्हणजे लोहचुंबक आहे. काकांना पण आत ओढेल की!" टेक्निशियन हसला.

"त्यांला वडायला आजवर कुनाला जमलंय?" काकू म्हणाली. मग पिशवीतून हळदीत भिजवलेला दोरा काढला, मधे हळकुंड बांधलेलं. सवाष्णीने गळा रिकामा ठेवायचा नसतो. "बांध गं. मग काडते."

इंग्लिश मीडियमवाली मी... मला बुटाच्या लेसची गाठ येते. तीच बांधली.

आत तिच्या पोटावर कॉइल, म्हणजे चित्रं टिपणारी जाड पट्टी, ठेवून पट्टा आवळला, दोन्ही हात पट्ट्याखाली. मी काचेच्या अलीकडे, टेक्निशियनच्या शेजारी. काकू सारखी मान हलवत होती, कंबरही. चित्रं पुसट. त्याने माइकवरून समजावलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा पुसट.

"असं आलं तर डॉक्टरांना काहीच ठरवता येणार नाही," तो म्हणाला. आणि काकूने तर बजावलंच होतं — एकदाच येणार, परत न्हाय.

मग ती अचानक शांत झाली. शेवटपर्यंत.

बाहेर आली ती घामेजलेली, पण खूश. "दोरा सुटत व्हता गं. वाटलं, पडला तर ह्यांचं काय व्हईल... बरं झालं आत आलीस. तुजे हात लई गार."

मी तिच्या मानेवर पाहिलं. लेसची गाठ नव्हती. बारीक, घट्ट, एकावर एक गाठी. नखाने सुटेनात.

"तुम्ही आत गेला होता?" मी टेक्निशियनला विचारलं.

"मॅडम, तुमच्या शेजारीच होतो की." खरं होतं. शिवाय मधे दार उघडलंच नव्हतं. पण मग त्यानेच आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही... मधे उठला होता का?"

मी नाही म्हणाले. त्याला पटलेलं दिसलं नाही. घरी एका दोऱ्याला लेसची गाठ मारून मी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली — सुटते, पण तिच्या तशा घट्ट गाठी होत नाहीत.

चित्रं स्वच्छ आली होती. कॅन्सर गर्भाशयाबाहेर गेला नव्हता. ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर काकूने माझं मनगट धरलं. मला वाटलं, रडेल. पण ती अगदी निवांत होती.

"तवासारकी आत येशील न्हवं?"

मी हो म्हणाले. काकू आता बरी आहे, शेतातही जाते. पण मी त्या दिवशी कुणाच्या वतीने शब्द दिला, ते मला अजून कळलेलं नाही.