पाण्यावर सोडलेली पाठ

हंबीररावांबद्दल मला फारसं माहीत नाही. चार पावसाळे आम्ही एकाच होडीत बसलो, पण त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो ते वारल्यावर. त्यांच्याविषयी मी लिहावं की नाही, हेही कळत नाही.

तरुणपणी ते पैलवान होते. त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, असं तालमीतली माणसं सांगत. पुढे गुडघे गेले. जमिनीवर प्रत्येक पाऊल दुखायचं. "पाण्यावर पाय हायत हेच इसरतो, मास्तर," म्हणायचे.

गगनबावड्याच्या वाटेवर, धरणाच्या फुगवट्यावर आमचा लहानसा क्लब आहे. दोघांच्या शिडाच्या होड्या. मी सुकाणू धरायचो, ते वजन द्यायचे. दुपारचा डबा दोघांसाठी मीच आणायचो. वारा वाढला की होडी कलते. तेव्हा वजन देणाऱ्यानं काठावर बसून, पट्ट्यात पाय अडकवून, पाठ पाण्याकडे सोडायची. हंबीरराव ती सोडत नसत. कुस्तीला उभे राहिल्यासारखे पुढं वाकून खांदा रोवायचे. दोनदा आम्ही उलटलो होतो.

त्या रविवारी ढग डोंगर उतरून पाण्यापर्यंत आले होते. क्लब सांभाळणारा उदयसिंह शर्यतीआधी म्हणाला, "काका, आज उलटलासा तर जोराच्या वाऱ्यात परत होडी मिळायची न्हाय. आणि मागं झुका की! पूजेला बसल्यागत काय बसताय?"

"पाठ टाकायला शिकवलंच न्हाय कुणी," हंबीरराव म्हणाले. पण होडी लोटताना त्यांचा चेहरा उतरला होता.

शर्यतीची खूण म्हणून सोडलेल्या लांबच्या पिवळ्या पिंपाला वळसा घालताना पाणी एकदम काळं झालं. वारा आला. होडी उठली, पलीकडची कड पाण्यात गेली. मी सुकाणू घट्ट धरलं. हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं. मग निजलेलं मूल खाली ठेवावं तशी त्यांनी सावकाश आपली पाठ पाण्यावर सोडली.

होडी सरळ झाली. तिच्या तळातून बारीक गुणगुण येऊ लागली. काठ, डोंगर, बाकीच्या होड्या, सगळं धुक्यात विरून गेलं. त्यांच्या सदऱ्याचं टोक पाण्यावर रेघ ओढत होतं. ते आभाळाकडे बघत होते, डोळे लहान पोरासारखे उघडे. किती वेळ गेला, सांगता येत नाही. त्यांच्या मनात काय होतं, तेही मी कधी विचारलं नाही.

आम्ही शेवटून दुसरे आलो, पण उलटलो नाही.

"पैलवान, लागली की पाठ!" उदयसिंह काठावरनं ओरडला.

"पाण्याला लागलीया. माती कुठं हाय तितं?"

सगळे हसले. उदयसिंहही हसला. "बरं, ऱ्हावा होडीत," म्हणाला.

शीड वाळत घालून आम्ही रस्त्यावर आलो. एसटी आली. दांडी धरून ते कसेबसे चढले आणि दारातच थांबले.

"मास्तर, फुडच्या ऐतवारी वारं आसंल का?"

"असेल की."

"मग डबा आणू नगा. मी आणतो."

"बरं," मी म्हणालो.