बदक ओळखायला दगड?

मंडळी, आज डोकं फिरलंय.

सकाळी आष्टीजवळच्या तलावावर एक वेगळंच बदक दिसलं. चोचीचं टोक हळदी-कुंकू बदकासारखं पिवळं, पण डोकं हिरवट. संकर असावा म्हणून मी फोटो आणि जागा आपल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकली.

दुपारी परत गेलो, तर ग्रुपमधलेच दोघं त्याच्या दिशेने दगड भिरकावत होते! का, तर उडालं की पंखांचा फोटो मिळेल आणि ओळख पक्की होईल. अख्खा थवा उडून गेला.

मी त्यांच्यावर ओरडलो, "यासाठी जागा टाकली होती का मी ग्रुपवर?" काठावर जाळं आवरत बसलेले मासेमार काका मलाच म्हणाले, "त्यायले काऊन बोलून राह्यले? पत्ता त तुमीच देला न!"

आता ग्रुपवर पंखांचा फोटो आलाय, अभिनंदनाचा पाऊस पडतोय. त्यात पहिलं नाव माझं आहे.