पत्त्यासकट यादी

टेलरबाईच्या तोंडात सदा टाचण्या असायच्या आणि त्यांच्यामधूनच ती बोलायची. नवीन गिऱ्हाईक बिचकायचं, की ही बाई आता एखादी गिळते. टाचणी तिनं कधी गिळली नाही, आणि शब्द तर मुळीच नाही. कुणाची कंबर वाढली असेल तर भरल्या दुकानात सांगायची. "मापाला लाजलीस तर कपडा चारचौघांत लाजवेल," हे वर ऐकवायची. तरी बायका तिच्याकडेच यायच्या, कारण हात सोन्याचा होता.

नवरा आजारपणात गेला तेव्हापासून दोन लेकरं आणि दुकान तिनं एकटीनं ओढलं. खाली दुकान, मागे दोन खोल्या, आणि वरची खोली भाड्यानं. थोरला एका रविवारी मित्राकडे खेळायला गेला. मित्राच्या बापानं कपाटात, कपड्यांच्या घडीखाली पिस्तूल ठेवलं होतं. पोरांनी ते काढलं. पुढचं काय सांगायचं? संध्याकाळी बाई दवाखान्याच्या बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर पोराचे बूट होते.

पिस्तुलाला परवाना होता. कागद अगदी चोख होते, फक्त पोर गेलं. त्या घरातल्या बाईचे कपडे हीच शिवायची, एकमेकींकडे जाणंयेणं होतं. कपाटात काय आहे तेवढं मात्र हिला ठाऊक नव्हतं. "मला नुसतं माहीत असतं तर मी पाठवलं असतं का गं?" येईल त्या गिऱ्हाइकाला ती हेच विचारायची. लोक ऐकून ऐकून कंटाळले. लोकांचं काय हो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग धाकटीला कुणाकडे पाठवायची वेळ आली की ही आधी त्यांच्या दारात जाऊन उभी. "घरात बंदूक आहे का हो?" कुणी हसलं, कुणाला राग आला, एकीनं तर तोंडावर दार लावलं. तेव्हा बाईनं ठरवलं, परवाने सरकार देतं ना, मग कुणाला दिलेत तेही सरकारनंच सांगावं. तिनं अर्ज केला, सह्या गोळा केल्या, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एक साहेब म्हणाले, "बाई, लोकांच्या खाजगी गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडता येत नाहीत." बाई म्हणाली, "मग माझं पोर गेलं तेही खाजगीच का?" साहेब कागद चाळत बसले.

वरच्या खोलीत एक तिशीतली बाई राहायची. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दारावर पाटी नाही, घरी पाहुणा नाही. गल्लीनं तिचं नाव 'वरची' ठेवलं, आणि शिष्ट आहे असंही ठरवून टाकलं. पण धाकटीचा तिच्यावर भारी जीव. वरची कामावरून आली रे आली की ही पोरगी धडधड जिना चढायची. दोघी मिळून जुन्या चष्म्याच्या काड्या जोडत बसायच्या, आणि घरात पुन्हा हसण्याचा आवाज येऊ लागला होता.

सह्यांचा कागद घेऊन टेलरबाई तिच्याकडेही गेली. वरचीनं तो दोनदा वाचला.

"ताई, यादीत पत्ताही असेल का?"

"पत्त्याशिवाय यादी काय चाटायचीय?"

ज्या आईचं पोर गेलंय तिला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? वरचीनं सही केली.

अखेर कायदा झाला आणि यादी सगळ्यांसाठी खुली झाली. बाईनं आपल्या भागाची पानं छापून आणली आणि दुकानाच्या काचेवर चिकटवली. गल्लीतल्या आया गर्दी करून वाचू लागल्या. बाई टाचण्या तोंडातून काढून, बोट फिरवत एकेक घर दाखवत होती. बोट फिरता फिरता स्वतःच्याच घरावर येऊन थांबलं. नाव वरचीचं होतं.

ती तडक जिना चढली. "माझ्या पोरीच्या डोक्यावर बंदूक ठेवलीस? माझ्या पोरीच्या?"

वरचीनं खाली बसवून सगळं सांगितलं. नवरा मारायचा. ती पळाली, तर हुडकत यायचा. पाच घरं बदलली. शेवटी पोलिसांनीच सुचवलं म्हणून परवाना काढला. बाकी सगळीकडून तिनं आपला माग पुसला होता, पण परवान्याला खरं नाव आणि खरा पत्ताच लागतो. "लोखंडी पेटीत असते ताई, किल्ली माझ्या गळ्यात. पोरीला पेटी दिसलीसुद्धा नाही कधी."

टेलरबाईनं ऐकलं, पण तिच्या कानात बंदूक सोडून दुसरा शब्द शिरतच नव्हता. "या घरात ती राहील नाहीतर तू राहशील. काय ते ठरव."

सहाव्यांदा बिऱ्हाड उचलायचं त्राण वरचीत नव्हतं. शिवाय पोरगी होती. दुसऱ्याच दिवशी तिनं पेटी चौकीत जमा केली आणि पावती बाईच्या हातात आणून दिली. बाईला इतकं हलकं वाटलं की तिला जेवायलाच बसवलं, आग्रहानं वाढलं. "तो येतोय कशाला एवढ्या लांब? आणि आलाच तर मी बसलेय ना खाली, कात्री घेऊन!" दोघी हसल्या.

तो आला, तेव्हा बाई खाली बसली होती. मागच्या जिन्यानं कोण चढलं ते तिनं पाहिलं नाही. मशीन चालू होतं, जाड कापडाला टीप घालत होती, त्यामुळे ऐकूही आलं नाही. धाकटी शाळेत होती, एवढं एक नशीब. वरची जिवानिशी गेली.

काचेवरची पानं बाईनं नखांनी खरवडून काढली. वर्तमानपत्रवाले आले, यादी उघडी ठेवावी की बंद करावी असं विचारू लागले. तिनं त्यांना हाकलून लावलं. काय सांगणार होती? थोरल्याचे बूट अजून घरात होते. यादी नको, असंही तिला म्हणवेना.

मग वरचीची आई सामान न्यायला आली. वाळलेली, बारकी म्हातारी. लेकीचे कपडे घडी करत म्हणाली, "फोनवर तुमचं सारखं कौतुक करायची हो. म्हणायची, आता ताई मिळाली, आता घर नाही बदलायचं." हातातली घडी तशीच राहिली. "पण मला एक कळत नाही, बाई. आम्ही जिवाच्या माणसालाही सांगितलं नव्हतं. त्या मेल्याला पत्ता दिला कुणी?"

टेलरबाई भिंतीला टेकून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द गिळावासा वाटला. तो गिळला गेला नाही.

"मी दिला," ती म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि लहान पोराची समजूत घालावी तसं म्हणाली, "असं नका हो बोलू. तुम्ही कशाला द्याल? दुःखानं डोकं फिरतं माणसाचं."