सरकारी कार्ड आन आमच्या जीपचे टायर

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी कितीबी झाडल्या तरी संपत न्हाईत. एक धूळ आन दुसरे किस्से. मी मंठ्याला एका ऑफिसात जीप चालवली. कोणतं ऑफिस ते सांगत न्हाई, पेन्शन तिथूनच येते! तिथं रोज एक तमाशा व्हायचा. तेव्हा डोकं फिरायचं, आता सांगितलं की लोक पोट धरून हसतात. हसा बाबांनो. मला अजून हसू येत न्हाई.

आधी टायरचं सांगतो, सगळं येऊन त्याच्यावरच थांबतं. जीपचे चारी टायर गोटा झालते. माझं टक्कल आन ते टायर, हात फिरवला तर फरक कळायचा न्हाई. पावसाळ्यात रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल आला की गाडी मी न्हाई, देव चालवायचा. बायको रोज डबा हातात देताना म्हणायची, "टायर बदला, न्हाईतर नोकरी बदला!" शेवटी तिनं माहेरच्या देवीला, पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोलला. "आई, त्या गाडीचे टायर एकदाचे निघू दे, नारळ फोडते."

मी अर्जावर अर्ज देत होतो. आन तेवढ्यात वरून कार्ड आलं.

*

बँकेचं कार्ड. क्रेडिट कार्ड. इथून पुढं ऑफिसची खरेदी याच्यावर करा म्हणून हुकूम. आमचे साहेब तरणे, परीक्षा देऊन आल्ते, लई खूश झाले. "मामा, आता तीन दुकानांची कोटेशनं नाहीत, चेक नाही. कार्ड घासलं की खरेदी!"

मी म्हणलं, "साहेब, कार्ड सावकाश घासा. टायर घासून बसलेत, ते आधी बघा!"

"होईल, होईल." सायबांचं "होईल" म्हणजे काय असतं ते मला बराबर माहीत. असे लई साहेब बघितले मी.

पहिली खरेदी मंठ्यातच. रजिस्टरं, पेनं, शाई. साहेब सोता दुकानात गेले आन ऐटीत कार्ड पुढं केलं. दुकानदारानं उलटंपालटं करून बघितलं, रुमालानं पुसलं आन दोन्ही हातांनी वापस दिलं.

"साहेब, ओळखपत्र कशाला दाखवता? तुम्हाला सारा गाव ओळखतो. पैसे द्या!"

*

मंग कळलं की कार्ड घासायची मशीन मंठ्यात कोणापाशीच न्हाई. जालन्याला आहे, तीबी मोठ्या दुकानात. झालं! टाचण्या आणायच्या, काढा जीप. फिनाईल आणायचं, काढा जीप. त्याच गोट्या टायरवर. डिझेल मात्र मंठ्याच्या पंपावर चिठ्ठीवर घ्यायचं, कारण तिथं मशीन न्हाई. कार्डापायी खर्चा वाचायचा होता म्हणे. वाचवा!

एकदा झाडू संपले. आमचे सुभानभाई शिपाई, मी आन साहेब जालन्याला गेलो. झाडूवाल्यापाशी मशीन कुठली असणार? तो तर रस्त्यावर पोतं टाकून बसल्ता. मशीन होती शेजारच्या साड्यांच्या दुकानात. साहेब उन्हात उभे, एकदा झाडूकडं बघून राह्यले, एकदा साड्यांकडं.

सुभानभाई म्हणले, "साब, पैठणी ले लो. मी तिच्यानंच झाडतो ऑफिस!"

*

ऑफिसात हेडक्लार्क होते, देशमुख भाऊसाहेब. माणूस कडक. सरकारी वस्तूवर डेडस्टॉकचा नंबर न्हाई म्हणजे ते त्या वस्तूला कोणाला हात लावू द्यायचे न्हाईत. टेबल, पंखा, कुलूप, पाण्याचा माठ, समद्यावर पेंटरकडून पांढरा नंबर. ऑडिट जवळ आलं तसा त्यांनी पेंटर बोलावला. खुर्च्या झाल्या. मंग भाऊसायबांनी कपाटातून कार्ड काढलं.

"हेबी सरकारी आहे. घाल नंबर."

पेंटर म्हणला, "कुठं घालू? समोर तर नाव छापलंय."

भाऊसायबांनी कार्ड उलटं केलं. "ही काळी पट्टी मोकळीच आहे की! पांढरा नंबर काळ्यावर उठून दिसंल."

लई सुबक काढला पोरानं. ऑइलपेंट, दोन हात दिले.

*

पुढच्या आठवड्यात माझं नशीब उघडलं. साहेब म्हणले, "चला मामा, टायर घेऊन टाकू." बायकोला सांगून निघालो. जालन्याच्या टायरवाल्या शेठनं चार कोरे टायर बाहेर काढले. मी वास घेतला. नव्या रबराचा वास, काय सांगू तुम्हाला!

शेठनं कार्ड मशीनमधून ओढलं. काही न्हाई. परत ओढलं. काही न्हाई. मंग उलटं करून पट्टीवरचा पांढरा नंबर बघितला आन चष्मा वर केला.

"साहेब, हे कार्ड आहे का खुर्ची?"

टायर शेठच्या माणसानं परत आत नेले. मी बघत उभा.

येताना वाटूरच्या अलीकडं पुढचा टायर फुटला. जीप रस्ता सोडून खाली गेली, बाभळीपाशी थांबली. एक हात राह्यला असंल. साहेब उतरून बाभळीपर्यंतचं अंतर बघून आले. मंग घाम पुसत म्हणले, "मामा, टायरचं काहीतरी बघायला पाहिजे."

"साहेब, तेच बघायला गेल्तो आपण!"

स्टेपनी लावून आलो, आन त्या दिवशी घरी काही सांगितलं न्हाई. पण शर्टाला बाभळीचा काटा अडकल्ता. तो बायकोनं काढला, हातात धरून बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

*

ऑडिट आलं. मशीनमधून निघालेल्या बारक्या पावत्या भाऊसायबांनी जिवापाड जपून फाईलीला लावल्या होत्या. ऑडिटवाल्यानं फाईल उघडली तर समद्या कोऱ्या! त्या कागदावरची शाई उन्हाळ्यात आपोआप उडून जाते, हे कोणाला माहीत?

"हे कोरे कागद कशाचे?"

भाऊसाहेब हात जोडून म्हणले, "खर्चाचे, साहेब. पैसे गेले, मंग अक्षरंबी गेली."

*

नवं कार्ड यायला लई महिने लागले. आलं तेव्हा माझ्या रिटायरमेंटला थोडेच दिवस राह्यल्ते. मी सायबांच्या मागंच लागलो. जल्दी करा, एवढं माझ्या हातून होऊ द्या. साहेब बी बाभळ इसरले नव्हते. म्हणले, "उद्याच जाऊ."

भाऊसाहेब आडवे आले. "नियम आहे. जुने टायर जमा केल्याबिगर नवे घेता येत न्हाईत. ऑडिटला मी तोंड देतो, तुम्ही न्हाई!"

सकाळी सुभानभाईनं आन पंक्चरवाल्यानं चारी टायर काढले. गाडी लिंबाखाली विटांवर उभी केली. भाऊसायबांनी टायर मोजले, स्टोअरला टाकले, कुलूप लावलं.

साहेब बॅग घेऊन बाहेर आले. कार्ड खिशात. रोजच्या सवयीनं जीपमधी बसले, दार ओढून घेतलं. "चला मामा, जालना."

मी काय करणार? जाऊन स्टेरिंगवर बसलो.

जरा येळानं साहेब म्हणले, "काय झालं?"

"साहेब, खाली बघा."

सायबांनी वाकून बघितलं. मी म्हणलं, "कार्ड माझ्यापाशी द्या, मी यष्टीनं जाऊन येतो."

खिडकीतून भाऊसाहेब म्हणले, "कार्ड दुसऱ्याच्या हाती देता येत न्हाई. सही सायबांचीच लागती."

"मंग साहेब, तुम्ही चला यष्टीनं."

"मी? यष्टीनं?" साहेब म्हणले, आन बसूनच राह्यले. मीबी बसून राह्यलो.

तेवढ्यात बायको माझा इसरलेला डबा घेऊन आली. तिनं जीपला एक चक्कर मारली. चारी बाजूंनी विटा बघितल्या. मला इचारलं, "आता ही अशीच राहणार?"

"साहेब जालन्याला जाईस्तोवर."

"आन साहेब कशात जाणार?"

"ह्याच्यात."

तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला आन चौकाकडं गेली. आली ती नारळ घेऊनच. बोनेटला हळदीकुंकू लावलं, पुढच्या विटेवर नारळ फोडला आन खिडकीतून सायबांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"घ्या साहेब. माझा नवस फिटला."