ओटी सुईनंतरच

आमच्या शेजारची रंभाबाई कोणाच्या बापाला भीत नाही, आणि कुरखेड्याकडे लेकीच्या आईनं असं असून चालत नाही. लेकीकडच्यांनी मान खाली घालायची, ही रीत ज्यानं पाडली तो मला एकदा भेटायलाच हवा.

तिची रीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. लसीची पहिली सुई टोचल्यावर बाळाचा पाय सुजला, रात्रभर अंग तापलं. ही बातमी सासरी पोचली आणि दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी व्याहीण अन्नपूर्णाबाई जीप घेऊन दारात हजर.

"आता सुई-बिई काही नाई. लेकरू मारता का आमचं? आजच घेऊन जाऊ."

रंभाबाईनं चहा दिला, पण ओटीचं सामान काही काढलं नाही. ओटी भरल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही, हे व्याहीणबाईंना सांगायची गरज नव्हती.

"ओटी उद्या भरीन इहिनबाई, सुई झाल्यावर."

"मंग ठेवा पोरगी इथीच. कायमची."

रीताचा चेहरा पडला. रंभाबाईनं मात्र अंगणात पाठमोऱ्या बसलेल्या आपल्या मुलाकडे, प्रफुलकडे बोट केलं. "त्याले हाक मारा."

अन्नपूर्णाबाईंनी मारली. पुन्हा मारली. प्रफुलनं मान वळवली नाही.

"वर्षाचा होता. तापानं फणफणला, मेंदूच्या आवरणाले सूज आली. जीव वाचला, कान गेले. तवा ही सुई आपल्या दवाखान्यात नव्हती. आता आहे. सारेच ताप थांबत नाई तिनं, नर्सबाईनं सांगतलं मले. पण जे थांबते ते मी थांबवीनच. ठेवीन पोरगी!"

"मीबी येत नाई," रीता म्हणाली. सासूसमोर तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

अन्नपूर्णाबाईंनी फणकाऱ्यानं जीप परत पाठवली, पण नातवाला सोडून त्या गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुई झाली. संध्याकाळी बाळ तापलंच. "सांगतलं होतं ना!" म्हणत अन्नपूर्णाबाईंनी त्याला मांडीवर ओढलं. "नाई रे बाप्पा, नाई रडू."

बाळ रडायचं थांबलं. आवाजाच्या दिशेनं त्यानं डोळे फिरवले.

रंभाबाई ओटीचे तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"ऐकलं ना त्यानं तुमचं?" ती म्हणाली. "माह्या प्रफुलनं मले अजून माय म्हटलं नाई."