खिडकीखालचे बुटके डेलिया

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कायम हिरवं असलेला टाइमकीपर तुम्ही कुठे पाहिला नसेल. आमच्या कंपनीत होता. जाता-येता दिसेल त्या झाडाचा शेंडा खुडायची त्यांना खोड होती. खुडलेला शेंडा शर्टाच्या खिशात टाकायचा आणि झाडाला सांगायचं, "उंच जावन काय करूचा आसा? रुंद हो."

झाड कोणाचं, हा प्रश्न त्यांना पडत नसे. एकदा मॅनेजरसाहेबांशी रजेबद्दल बोलता बोलता त्यांनी साहेबांच्याच शेवंतीचा शेंडा खुडला. साहेब नुसते बघत राहिले. पुढे शेवंती अशी भरली, की साहेबांनी शिपाई पाठवून त्यांना दुसरी कुंडी दाखवायला बोलावलं.

आमची कंपनी मुलुंडला आग्रा रोडवर होती. पंखे बनायचे. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस, त्यात दोन टेबलं. एक त्यांचं, एक माझं. मी टायपिस्ट. ते मालवणकडचे, आणि अख्खी कंपनी त्यांना काका म्हणायची. हजेरीच्या बाबतीत मात्र ते कोणाचेच काका नव्हते. एक मिनिट उशीर झाला की कार्डावर लाल शाई. मलाही दोनदा लागली, आणि त्यातल्या एका दिवशी तर मी त्यांच्यासाठी डब्यात घावणे आणले होते. घावणे त्यांनी खाल्ले. शाई तशीच राहिली.

खिडकीखाली भिंतीला लागून हातभर रुंद मातीची पट्टी होती. तिथे आणि पायरीवरच्या कुंड्यांत ते डेलिया लावत. लाल, गुडघ्याएवढे. त्यांना कोणीतरी पुरुषभर उंचीचे, परातीएवढ्या फुलांचे डेलिया देऊ केले होते, पण यांनी ते नाकारले. त्यांना खुर्चीत बसल्या जागेवरून गेट दिसायला हवं होतं. "फुलां कितीय येवंदे," ते म्हणत, "पण माका हयसून गेट दिसाक व्हया."

दसऱ्याच्या सुमारास कंद मातीत जायचे. त्याआधी तबेल्यातलं शेणखत यायचं आणि मी आठवडाभर नाकाला पदर लावून टाइप करायचे. पानांच्या चार जोड्या आल्या की काका शेंडा खुडत. मग झाड वर जायचं सोडून बाजूने फुटे आणि जानेवारीत त्या हातभर पट्टीत फुलांखाली पान दिसत नसे. एकदा त्यांनी मला खुडायला सांगितलं. इतका कोवळा, लुसलुशीत शेंडा. माझा हातच होईना. "तू टायपिंगच कर गो," ते म्हणाले.

एका फेब्रुवारीत, फुलं ऐन भरात असताना, टाळेबंदी झाली. कारणं दोन्ही बाजूंची दोन होती, आणि दोन्ही मीच टाइप केली असल्याने मला पाठ होती. कंपनीचं म्हणणं, पुन्हा संप करणार नाही अशा हमीपत्रावर सही करा आणि आत या. युनियनचं म्हणणं, कोणीही सही करायची नाही. गेटसमोर मांडव पडला. ज्यांनी सही केली त्यांच्याशी मांडवातलं कोणी बोलेना. त्यांच्या घरच्या बारशालाही कोणी गेलं नाही.

काका रोज साडेसातच्या ठोक्याला मांडवात हजर. गेटच्या गजांतून त्यांना आतली पट्टी दिसायची. फुलं वाळली, पानं पिवळी पडली, त्याचं त्यांना काही नव्हतं. मे लागला तसे मात्र ते अस्वस्थ झाले. पाऊस पडायच्या आत कंद वर काढून कोरड्या वाळूत ठेवावे लागतात, नाहीतर मातीतच कुजतात. अकरा वर्षं त्यांनी त्याच कंदांवर झाडं वाढवली होती.

एका सकाळी ते गेटशी गेले. सिक्युरिटी ऑफिसर बरा माणूस होता. त्याने गजांतून एक कागद पुढे केला. "काका, एवढी सही करा, आत या, काय हवं ते खणून न्या."

युनियनचा सेक्रेटरी काकांशेजारी येऊन उभा राहिला. तो टर्नर होता, भांडुपचा. हळूच म्हणाला, "काका, सही केलीत तर आम्ही काही करणार नाही. पण नंतर बोलणारही नाही."

काकांनी कागद पूर्ण वाचला, घडी घातली आणि परत दिला. "सही मी मस्टरवर करतंय. ह्याच्यावर नाय." मग त्यांनी आतल्या वॉचमनकडे पाहिलं. "काय रे, गेट उघडूक नको म्हणान सांगितलाहा. खणूक नको म्हणान कोणी सांगितलाहा काय?"

वॉचमनने विचार केला. तसं कोणीच सांगितलेलं नव्हतं. त्याने फावडं आणलं.

त्याने पहिलं झाड वाळक्या दांड्याला धरून मुळा उपटावा तसं उपटलं. कट् असा आवाज आला. काकांनी स्वतःचीच मान धरली. "अरे, मानेकडे डोळो असता! मान मोडली काय ऱ्हवला काय?" डेलियाचा कोंब कंदाच्या मानेशी असलेल्या डोळ्यातूनच येतो. मान मोडलेला कंद कितीही पुष्ट असला तरी उगवत नाही. अशा चार झाडांच्या माना मोडल्या आणि मग मांडवच पुढे सरसावला. तीन महिने सुतकी चेहऱ्याने बसलेले फिटर, वेल्डर गजांना लटकून ओरडू लागले. "वीतभर लांबून घाल फावडं!" "खालून हात घाल रे, खालून!" सगळ्यात मोठा आवाज सेक्रेटरीचा होता.

कंदांचे घड वर आले, पण गजांतून बाहेर निघेनात. काकांनी मांडवातली कांदा चिरायची सुरी घेतली, दोन्ही हात कोपरापर्यंत गजांतून आत घातले आणि एकेक घड कापायला बसले. प्रत्येक तुकडा गजांतून निघेल एवढा, पण डोळ्यासकट. काकांचे हात आत होते आणि बाकीचे काका बाहेर. याला हरकत घ्यावी की नाही, हे ऑफिसरला आणि सेक्रेटरीला, दोघांनाही ठरवता आलं नाही.

तिथेच त्यांनी कंद वाटून टाकले. एकेकाला एकेक, मलाही. भांडुप, घाटकोपर, गोवंडी, जो जिथे राहत होता तिथे. "दसऱ्याक लावा. गेट उघडला काय परत आणूचे. वेळेवर." कोणीतरी विचारलं, "नाही उघडलं तर?" काकांनी त्याच्याकडे उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "उघडतला."

सेक्रेटरीच्या वाट्याला काहीच उरलं नाही. त्याने गजांतून हात घालून जमिनीवरचा एक मान मोडलेला कंद उचलला. "तेच्यात काय नाय रे," काका म्हणाले. "राहू दे," तो म्हणाला.

गेट उघडलं नाही. मी घाटकोपरला एका वकिलाकडे टाइप करू लागले. दिवाळीनंतर आठवड्याने काका माझ्या गॅलरीत हजर. सगळ्यांकडे जाऊन आले होते. कुंडीकडे पाहून म्हणाले, "खुडलंस नाय ना? माका म्हायत होता." आणि शेंडा खिशात. पुढच्या वर्षीही तसंच, त्याच दिवशी.

तिसऱ्या वर्षी ते आले नाहीत. मी थांबले. पानांच्या पाच जोड्या झाल्या, सहा झाल्या. मग गावाहून काकूंचं पोस्टकार्ड आलं, काका श्रावणातच गेले. मी गॅलरीत बसून खूप रडले. रडून झाल्यावर शेंडा खुडला.

त्यानंतरच्या जानेवारीत गेट उघडलं. कामासाठी नव्हे. मशिनी विकल्या होत्या आणि त्या न्यायला ट्रक आले होते. बातमी ऐकली आणि कुंडी घेऊन रिक्षात बसले. कोणाशी बोलणं झालं नव्हतं, तरी गेटवर आणखी सहा जण उभे होते. कोणाच्या हातात कुंडी, कोणाकडे तेलाचा डबा, एकाकडे मोडक्या बादलीत लावलेलं झाड. सगळे बुटके, सगळे लाल. सेक्रेटरी रिकाम्या हाताने आलाय असं वाटलं, पण त्याने खिशातून सुंठेसारखा सुकलेला तो कंद काढला.

वॉचमन तोच होता. म्हणाला, "आता काय उपयोग?"

"उघडलं की आणायचे, असं ठरलं होतं," सेक्रेटरी म्हणाला.

वॉचमनने आम्हाला अडवलं नाही. आम्ही कुंड्या खिडकीखाली ओळीने मांडल्या, आणि शेवटच्या कुंडीच्या मातीवर सेक्रेटरीने आपला कंद ठेवला. मी टाइम ऑफिसात गेले. टेबलं गेली होती, खुर्च्या गेल्या होत्या. काका जिथे बसायचे तिथे मी खुर्चीच्या उंचीएवढी वाकले आणि बाहेर पाहिलं. फुलं सगळी खाली होती. गेट दिसत होतं, सताड उघडं.