पनीरचे ऋण आणि डिंकाचे लाडू

परवा रहाटणीच्या एका हॉटेलात अस्मादिकांचे आर्थिक प्रबोधन झाले. निमंत्रण सपत्नीक, भोजन निःशुल्क, विषय ‘निवृत्तीनंतरचे निश्चिंत जीवन’... चाकणच्या कंपनीतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या गृहस्थास याहून सात्त्विक आमंत्रण ते कोणते?

वस्तुतः अशा यज्ञांचा मी जुना अतिथी. व्याख्यान श्रवण करावे, गुलाबजाम भक्षण करावेत आणि निर्लेप मनाने घरी परतावे, हा माझा शिरस्ता. या वेळी मात्र सौ. सोबत होती, आणि निघताना तिने पिशवीत स्टीलचा डबा टाकला... उरलेले अन्न आणण्याचा विचार असावा, या शंकेने मी लज्जित झालो.

पडद्यावरचा आलेख हिमालयाच्या दिशेने चढत होता. सल्लागार बाई मूळच्या लातूरकडच्या. स्वतः पानापाशी येऊन वाढत होत्या. “काका, लाजायलात काय? घ्या की अजून पनीर!” इतक्या अगत्याने मला साडूनेही कधी वाढलेले नाही.

...आणि मग ताटाशेजारी फॉर्म आला. “आजच सही करा काका, उद्या ही स्कीम राहायची नाही.”

माझा हात पेनाकडे गेला. लोभाने नव्हे, भिडेने! जिच्या हातचे पुनःपुन्हा वाढून घेतले, त्या अन्नपूर्णेस नकार कसा द्यावा? भीड ही भिकेची बहीण, हे वचन ठाऊक असूनही, निवृत्तीची समग्र पुंजी, आम्हा उभयतांच्या वार्धक्याचा एकमेव आधार, पनीरच्या रश्श्यात विसर्जित होऊ घातली होती...

एवढ्यात सौ.ने डबा टेबलावर ठेवला. “ताई, डिंकाचे लाडू आहेत, घरचे. तुम्ही जेवू घालणार, मग रिकाम्या हातानं कसं यायचं?”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “झाली फिटंफाट. ठेवा आता ते पेन. पनीर तुम्ही खाल्लंत, पण म्हातारपण माझंही आहे.”

मी आज्ञाधारकपणे पेन खाली ठेवले.

बाई खळखळून हसल्या. फॉर्मची घडी करून माझ्या हाती देत हळूच म्हणाल्या, “घरी निवांत वाचा काका. नाही पटलं तर नका करू. माझ्या वडिलांना मी हेच सांगितलं असतं.” त्या वाक्याने त्यांच्या महिनाअखेरीच्या टार्गेटचे काय झाले असेल, कोण जाणे... मी त्यांचा मनःपूर्वक आभारी आहे.

सौ.विषयीची कृतज्ञता व्यक्त करण्यास माझी संस्कृतप्रचुर भाषाही अपुरी आहे. पुंजी बँकेत सुखरूप आहे.

एकच अडचण उरली. रिकामा डबा परत करू नये, हा संस्कार लातूरकडेही आहे... निघताना बाईंनी तो गुलाबजाम भरून दिला! म्हणजे आम्ही पुनश्च ऋणी.

“मी फेडून येते,” सौ. म्हणाली. “तुम्ही घरीच थांबा.”